फ्लॉरेन्सला जाऊन आलेले मल्हारी मास्तर

कोणतीही गोष्ट पाहायची म्हणजे मल्हारी मास्तर आधी पाच-सहा पावलं मागे जात. मागे जाताना मागे काय आहे, हे मात्र ते कधीच पाहत नसत. त्यामुळे कचेरीसमोरच्या गटारात ते दोनदा पडले. दुसऱ्यांदा मी हात देऊन वर काढलं, तर चिखल झटकत म्हणाले, "जनाब, इथून कचेरीची कमान काय सुरेख दिसते!"

एकदा आमच्या घरी जेवायला बसले असताना पानात भाकरी पडताच ते उठून भिंतीपर्यंत मागे गेले. माझ्या बायकोला वाटलं, ताटात पाल पडली. मास्तर एक डोळा मिटून म्हणाले, "वहिनी, हा करपलेला डाग अगदी जिथं हवा तिथंच पडलाय." त्यानंतर वर्षभर आमच्याकडे करपलेल्या भाकरीला कुणी नाव ठेवलं नाही.

परभणीच्या शाळेत ते ड्रॉइंग शिकवत, मी गणित. शिवाय तासांचं वेळापत्रक, सहली, बक्षीससमारंभ, जे म्हणून वेळेवर व्हायला हवं ते सगळं माझ्याकडे असे. मास्तर कधीच वेळेवर नसत. त्यामुळे आमची गाठ रोजची होती.

हे मागे सरणं त्यांनी फ्लॉरेन्सहून आणलेलं. मानवतच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या चिरंजिवांना जुन्या चित्रांचा शौक लागला. इटलीत फ्लॉरेन्सला उन्हाळ्यात परदेशी लोकांसाठी चित्रकलेच्या इतिहासाचा छोटा अभ्यासवर्ग भरतो, असं त्यांच्या कानावर आलं. पोराला एकटं कसं धाडायचं, म्हणून शेटजींनी सोबत मास्तरांना दिलं. तिथं चिरंजीव दुपारपर्यंत झोपत आणि वर्गात मास्तर बसत. परत आल्यावर चिरंजिवांनी गावाला नवा सूट दाखवला, मास्तरांनी उजेड दाखवायला सुरुवात केली. गवळी दूध ओतत असला की ते त्याचा हात धरत, "थांब! बघ, उजेड डावीकडून आलाय." गवळी म्हणे, "मास्तर, दूध उजवीकडं सांडायलंय."

"लांबून बघा, जनाब. जवळून नुसता रंगच दिसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फ्लॉरेन्स ऐकून ऐकून सगळी परभणी कंटाळली होती. ऐकलं नव्हतं ते फक्त त्यांच्या वडिलांनी.

सटवाजीबाबा मूळचे चुडाव्याकडचे. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. मास्तर निघाले त्या उन्हाळ्यात ओढे-विहिरी आटल्या होत्या. "मेंढरं पाण्यावाचून मरायलीत आन् तू चित्रं बघाय निघालास?" एवढं बोलून म्हाताऱ्यानं जे तोंड मिटलं, ते मास्तर परत आले तरी उघडलं नाही. कळप परभणीच्या आसपास आला की मास्तर गूळ घेऊन भेटायला जात. म्हातारा बोले ते वाघ्या कुत्र्याशी. "वाघ्या, मास्तरला म्हणावं उन्हात उभं ऱ्हाऊ नगं." मास्तरही मग वाघ्यालाच सांगत, "आबान्ला म्हणावं, गूळ ताजा हाय."

हे सगळं ते मला हसत हसत सांगत. पण मी शेजारीच राहायचो. वडिलांना भेटून आले की त्या दिवशी त्यांची चूल पेटत नसे. एकदाच म्हणाले होते, "जनाब, शिवी दिली तरी चालेल. पण मला द्यावी, कुत्र्याला नको."

एका हिवाळ्यात मी मुलांची पोखर्णीला सहल काढली. गाड्या, दशम्या, पिण्याचं पाणी, सगळं नीट आखलं होतं. नरसिंहाचं दर्शन झालं आणि मास्तरांनी देऊळ दाखवायला घेतलं. "मागं सरा. अजून मागं. शिखर पुरतं दिसायला पाहिजे!" मुलं उलट्या पावलांनी मागे जात जात रस्त्यावर पोचली आणि सगळा वर्ग धाडकन मेंढरांच्या कळपात घुसला. मेंढरं उधळली, मुलं पडली, कुणाची तरी टोपी एक मेंढी चघळू लागली.

"वाघ्या!" पलीकडून आवाज आला. "मास्तरला म्हणावं, फुडं डोळे हायती तर फुडं चाल की!"

सटवाजीबाबाच होते. पांगलेली मेंढरं गोळा झाली, तसे ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मास्तर समोर उभे. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, एवढा लांब जाऊन आलाय तुमचा मुलगा. तिथं काय पाहिलं, एवढं तरी विचारा."

म्हातारा बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "वाघ्या, इचार त्येला. काय बघितलं म्हणावं."

मला वाटलं, आता तासभर उजेड निघणार. पण मास्तर बाबांसमोर उकिडवे बसले.

"आबा, एक चित्र व्हतं तिथं. त्यांच्या देवाचं बाळ जल्मलंय आन् रानात मेंढरं राखणारे त्येला बघाय आलेत. शिकवणारे म्हणायचे, बाळाकडं बघा. मी मेंढरंच बघायचो. कोपऱ्यात एक लंगडी मेंढी काढली व्हती. अगदी आपल्या भुरीवानी. इथं तुमी एकटेच, उन्हाचं... मला तिथनं हलूच वाटंना. वर्ग सुटला की रोज तिथंच जाऊन उभा ऱ्हायचो."

म्हाताऱ्यानं मान वर केली आणि सरळ मास्तरांकडे पाहिलं.

"येवढ्या लांब गेलास, आन् मेंढरंच बघत बसलास व्हय रं, मल्हाऱ्या?"

मास्तरांनी मान हलवली.

"आन् पाणी? पाणी व्हतं का त्यान्ला?"

"व्हतं, आबा. मागं नदी काढली व्हती. भरलेली."

"मग बरं," म्हातारा म्हणाला, आणि दगडावर जरा सरकून बसला. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.