वाढत्या अंगाचा स्वेटर

हिंगोलीत कुणाच्या घरी तेराव्याचं जेवण असलं की दत्तोपंत पेशकार वेळेवर हजर होत, पंगतीत मनापासून जेवत आणि हात धुताना घरच्यांना हळूच विचारत, "म्हाताऱ्याचा स्वेटर कुठं ठेवला?"

तो स्वेटर त्यांनीच विणलेला असे. दत्तोपंत तहसील कचेरीत पेशकार होते. म्हणजे साहेबापुढे कागद सरकवणं हे त्यांचं काम. पण गावातून ते अशा थाटात चालत की साहेबच त्यांच्यापुढे कागद सरकवत असावा. काळी शेरवानी, लाल तुर्की टोपी आणि काखेत सुया खोचलेला लोकरीचा गुंडा. कचेरी सुटली की ते आपल्या ओट्यावर बसून चारचौघांत विणत. गावात बायासुद्धा विणत नसताना एक मिशीवाला सरकारी माणूस टाके मोजतो आहे, हे पाहायला डोंगरकड्याहून बाजाराला आलेले लोक बैलगाड्या थांबवत.

"ही कला कुठं शिकलात?" असं कुणी विचारलं की ते गावातल्या जुन्या इंग्रजी छावणीतल्या कोण्या गोऱ्या मडमेची गोष्ट सांगत. छावणी उठली तेव्हा पेशकार अर्ध्या चड्डीत असले पाहिजेत, हे मी एकदा त्यांना ऐकवलं.

"मास्तर, तुमी भूगोल शिकवा," ते म्हणाले. "इतिहास आमच्याकडं राहू द्या."

त्यांच्या मते माणसाची वयं चारच: दुधाचं, शाळेचं, लग्नाचं आणि पेन्शनीचं. प्रत्येक वयाला वेगळा स्वेटर. लग्नाच्या वयाला गळा खोल, कारण हार दिसला पाहिजे. पेन्शनीच्या वयाला पुढून बटणं, कारण हात वर जात नाहीत. एक वय सरलं की स्वेटर परत करायचा. ते तो उसवत, लोकर धुऊन वाळवत आणि दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढवत. लढाईच्या दिवसांत लोकर मिळेनाशी झाली तेव्हा तर एकच किरमिजी लोकर मी आधी एका वकिलाच्या, मग एका नवरदेवाच्या आणि शेवटी एका तान्ह्या बाळाच्या अंगावर ओळखली. हट्टा गावच्या एका शेतकऱ्यानं बापाच्या तेराव्याला हात जोडले. "साहेब, आठवण हाय ती. राहू द्या की."

"आठवणीला लोकर लागत न्हाई," पेशकार म्हणाले आणि स्वेटर काखेत मारून निघाले.

"बराबर बसलं पायजे," हे ते दिवसातून वीसदा म्हणत. त्यांचा एकही स्वेटर कुणाला बसत नसे. टेपनं माप घेणं त्यांना शिंप्याचं काम वाटे. ते नुसते डोळे बारीक करून माणसाकडे पाहत आणि वाढत्या अंगाचा विणून मोकळे होत. लेकरांचे कपडे वाढत्या अंगाचे करावेत हे कुणालाही पटेल. पेशकारांनी हा नियम सत्तरीपर्यंत नेला होता. मला लग्नात मिळालेला स्वेटर गुडघ्याला टेकत होता.

"पेशकारसाहेब, मी अठ्ठाविशीचा आहे. आता कुठं वाढू?"

"आडवे वाढान की. काहून घाई करून राहिले?"

माझ्या बायकोनं तो स्वेटर दोन्ही हातांनी पसरून पाहिला. "ह्यात आपलं दोघांचं भागंल," ती म्हणाली.

पेशकारांना एकच मुलगी, कुसुम. ती चार महिन्यांची असताना तिची आई वारली. मुलीला त्यांनी एकट्यानं वाढवलं याबद्दल गाव त्यांना मान देई. तिच्या अंगात ते जे घालत त्याबद्दल नाही. दर थंडीत तिचा जुना स्वेटर उसवून नवा तयार होई. लोकर बदले, रंग बदले, पण पोटावर एक आडवा मोरपंखी खिसा कायम असे. वीतभर रुंद, चार बोटं उंच. त्यात दोन बोरंसुद्धा धड राहायची नाहीत. त्याचा रंग कशाशीच जुळत नसे. नवल एवढंच की त्या सगळ्या ढगळ विणीत तेवढा खिसा मात्र नेटका, टाक्याला टाका लागून. मी म्हणत असे, माणसाच्या हातून एकदाच काहीतरी चांगलं झालं, आणि तेच तो जन्मभर दाखवत सुटला आहे. सरकारी नोकरीत असं पुष्कळदा होतं.

कुसुम वाशीमला दिली. पाठवणीच्या दिवशी हिंगोली स्टेशनात सासरची माणसं गाडीत सामान चढवत होती. पेशकार मुलीपुढे जाऊन उभे राहिले.

"कुसुम, स्वेटर काढ."

तिला थट्टा वाटली.

"शाळेचं वय सरलं. काढ."

सकाळच्या थंडीत त्या नवरीनं सगळ्यांसमोर शालूवरचा स्वेटर काढून बापाच्या हातात दिला. लग्नाच्या वयाचा नवा स्वेटर त्यांनी लगेच तिच्या खांद्यावर टाकला, हे खरं. पण सासूनं काढलेला तेवढा पाहिला, घातलेला पाहिलाच नाही. मीही घरी येऊन त्या माणसाच्या चिकटपणावर तासभर बोललो.

मग निजामी संपली. लाल टोपी पेटीत गेली, पांढरी डोक्यावर आली, चाल मात्र तीच राहिली. त्या थंडीत कुसुमला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पेशकारांनी वाशीमला पत्र धाडलं. हुकूम असावा तसं.

एका दुपारी ते आमच्या दारात उभे. डोक्यावर कुठलीच टोपी नाही. मला वाटलं, वसुली आली.

"साहेब, माझं लग्नाचं वय अजून सरलं नाही बरं का," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. वाशीमहून आलेलं उत्तर त्यांनी माझ्या हातात दिलं. मी ते बायकोला वाचून दाखवलं: "आपल्या घरात बाईमाणूस नाही. शिवाय लेकीच्या अंगावरचा कपडा उतरवून घेतात त्या घरी आम्ही सून कोणत्या भरवशावर धाडावी?"

"बराबर लिहिलंय," बायको म्हणाली. ती भीड बाळगत नाही. "काहून काढून घेतला हो तुमी? एका स्वेटरासाठी?"

पेशकारांनी शेरवानीतून तो मोरपंखी खिसा काढला. आता तो खिसा नव्हता. तो सुयांवर चढवलेला होता आणि त्याच्या वर दोन बोटं पांढरी लोकर विणलेली होती.

"सूनबाई," ते म्हणाले. आजवर ते तिला मास्तरीणबाई म्हणत. "हे खालचे टाके कुसुमच्या आईचे हायेत. ती अमरावतीची, तिकडं शिकलेली. लेकरासाठी विणायला घेतलं, चार बोटं झालं, आन् तापात गेली. सुया तशाच व्हत्या."

"मग ती मडम?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कुटली मडम, मास्तर! दोन टाके उसवायचे, धागा कुटून गेला ते पाह्यचं, पुन्हा घालायचे. असं करून करून वर विणत गेलो. पोरगी वाढली तसं माझं उसवलं. तिच्या आईचं न्हाई उसवलं. त्याचा खिसा केला. तो वाशीमला गेला असता तर घरात तिचं काय राह्यलं असतं? कुसुमला हे सांगता आलं न्हाई."

हट्ट्याच्या तेराव्याला ऐकलेलं त्यांचं आठवणीचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

बायकोनं विणकाम हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. "बाळंतिणीपाशी मी ऱ्हाईन. चाळीस दिवस. पण पत्र तुमी लिव्हायचं, आत्ता, माझ्यापुढं. आन् चूक झाली म्हणून लिव्हायचं."

जन्मभर लोकांचे माफीनामे साहेबापुढे सरकवलेल्या या माणसाला एक ओळ लिहायला सगळी दुपार लागली. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: "मुलीच्या अंगावरचा स्वेटर काढून घेतला, ती माझी चूक." आणि खाली नुसती सही. हुद्दा न लिहिलेली त्यांची सही मी तेव्हा प्रथम पाहिली.

कुसुम आली. खिशाची गोष्ट तिला माझ्या बायकोनं सांगितली. मग तिला मुलगी झाली.

बारशाला बाळाला स्वेटर घातला. बाह्या पायांपर्यंत, गळ्यातून एक खांदा बाहेर. वरचं सगळं वाढत्या अंगाचं. पेशकार उंबऱ्याशी उभे राहून डोळे बारीक करून पाहत होते.

"बराबर बसलं का?" त्यांनी विचारलं.

कुसुमनं बाळाच्या कमरेशी बोटं नेली. तिथली मोरपंखी पट्टी ना सैल होती, ना घट्ट. ती त्या पट्टीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

"आईचं बसलं, बाबा," ती म्हणाली. "तुमचं बसंल हळूहळू."