पाटावरचे पंप

त्या रविवारी दुपारी विष्णुपंतांनी जेवणाचे तीन पाट मांडले आणि प्रत्येक पाटावर एकेक पंप ठेवला. त्यांच्या पत्नी माई ताटे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"मग आम्ही बसायचं कुठं?" त्यांनी विचारले.

"आजच्या दिवस भुईवर बसा," विष्णुपंत म्हणाले. "मालाची तुलना एका पातळीवर व्हावी लागते."

विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात भांडाराचे अधिकारी होते. खिळा घ्यायचा असो की बॉयलर, तीन ठिकाणांहून माल मागवायचा, शेजारी शेजारी मांडायचा आणि मगच निवड करायची, हा भांडाराचा नियम. तो त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरात एक केरसुणी येण्यापूर्वी दोन केरसुण्या नापसंत होऊन परत गेलेल्या असत. एकुलत्या एका मुलीचे नाव पद्मजा ठेवतानाही त्यांनी दोन नावे बाद केली होती, आणि ती का बाद केली हे ते अजूनही सांगू शकत.

नियम मोडून त्यांनी एकच खरेदी केली होती, ती म्हणजे गाडी. विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनीअर साहेबाची ती जुनी, ठेंगणी, काळी गाडी होती. साहेबाकडे एकच गाडी असल्याने तुलनेचा प्रश्न आला नाही. किल्ली देताना साहेबाने एक गोष्ट आवर्जून सांगितली. या गाडीला पाण्याचा पंप नाही. तापलेले पाणी आपले आपण वर चढते, थंड खाली उतरते, आणि त्यावरच इंजिन निवते. फक्त रेडिएटर काठोकाठ भरलेला हवा. हे त्याने पद्मजेला सांगितले, कारण विष्णुपंत तेव्हा हत्यारांच्या पेटीतले पाने मोजून घेत होते.

पद्मजा मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. तिला ते लगेच पटले. विष्णुपंतांनी मात्र गाडी घरी येताच हुकूम काढला की रेडिएटर पाऊणच भरायचा. काठोकाठ भरले की तापल्यावर पाणी बाहेर सांडते, आणि सांडणे म्हणजे नासाडी. पलीकडे कॅम्पात निर्वासितांच्या बायका नळावर रांगा लावून उभ्या असताना आपण पाणी रस्त्यावर सांडायचे, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. तत्त्व उत्तम होते. गाडी मात्र पहिल्या चढाला चुलीवरच्या आधणासारखी खदखदू लागली.

शेजारचे शरदचंद्र धावून आले. तेही त्याच कारखान्यात अधिकारी होते आणि मत देण्याच्या बाबतीत कोणाला परके मानत नसत. त्यांनी बॉनेट उघडून छत्रीच्या टोकाने पंख्यामागचे एक नळकांडे दाखवले.

"पंप गेलाय, विष्णुपंत."

ते नळकांडे गाडीच्या दिव्यांसाठी वीज तयार करायचे, आणि ते कुठेही गेलेले नव्हते.

"अण्णा, मला वाटतं, या गाडीला..." पद्मजेने सुरुवात केली.

"वाटण्यावर खरेदी होत नाही, पद्मा," विष्णुपंत म्हणाले. मग थोडे थांबून, "चल बरोबर. शिकशील काहीतरी."

अशा रीतीने दर रविवारी बापलेक पंपाच्या शोधात निघू लागले. कॅम्प एकमधल्या एका बराकीत लोकूमलचे दुकान होते. लोकूमल फाळणीपूर्वी सिंधमध्ये कापड विकायचा. इथे आल्यावर लष्कराच्या मोडीतले सुटे भाग विकू लागला. माल बदलला तरी त्याचा धर्म बदलला नव्हता, आणि गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचे नाही हा त्याचा धर्म होता.

"पंप? है ना, साईं," तो म्हणाला. "लेकिन जुना दाखवा ना. त्याच्यासारखाच काढून देतो."

विष्णुपंत पद्मजेच्या कानाशी लागले. नमुना दाखवला की व्यापारी भाव चढवतो, असे त्यांनी तिला समजावले. लोकूमलला त्यांनी गाडीही दाखवली नाही. ती दोन गल्ल्या अलीकडे उभी केलेली असे. जी गाडी दाखवायचीच नाही, तिला नसलेल्या पंपाबद्दल दोघे तासन्‌तास बोलत आणि दोघेही समाधानाने उठत.

परत निघताना विष्णुपंत एका टपरीपुढे रेंगाळू लागले. जन्मात बाहेरचे पाणी न पिणारा हा गृहस्थ एका रविवारी तिथल्या बाकावर बसला आणि दाल-पकवान मागवून मोकळा झाला. डाळीत कुरकुरीत पुरी बुडवत त्यांनी लहानपणी नदीत पोहायला गेल्याबद्दल खाल्लेल्या माराची गोष्ट सांगितली. पद्मजेने ती कधी ऐकली नव्हती. एरवी आठवडाभर त्यांचे तिच्याशी बोलणे म्हणजे "दिवा मालवलास का?" एवढेच. बोटे पंचाला पुसत ते म्हणाले, "माईला सांगू नकोस हं."

पुढच्या रविवारी साहेबाचे म्हणणे सांगून टाकायचे म्हणून पद्मजेने वाक्य जुळवून ठेवले होते. पण सकाळी विष्णुपंत कोट चढवून तिच्याआधी अंगणात येऊन उभे राहिले. ते वाक्य तिने परत ठेवून दिले.

एकदा तर ते एका माणसाकडे पंप आहे असे ऐकून बदलापूरच्या पुढे बारवीकडे गेले. वाटेत गाडी उकळली. पाड्यावरची नवसी नावाची बाई हंडा घेऊन आली आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागली. विष्णुपंतांनी पाऊण झाल्यावर हात वर केला.

"भरूं दे ना, दादा," नवसी म्हणाली. "पानी काय तुज्या घरचा हाय?" आणि तिने हंडा उपडा केला.

गाडी अंबरनाथपर्यंत हूं की चूं न करता आली.

"लहरी बिघाड," विष्णुपंत गंभीर होऊन म्हणाले. "बंद पडलेला पंप बरा. हा कधी चालतो, कधी नाही. आता उशीर नको."

म्हणून लोकूमलकडून तीन पंप जाकड आले होते. पसंत पडेल तो ठेवायचा, बाकीचे परत. एक विलायती, एक अमेरिकन ट्रकचा, आणि एक कॅम्पातच ओतलेला. त्या रविवारी संध्याकाळपर्यंत विष्णुपंत पाटांभोवती फिरले. मग स्वतःच्या पंचाने त्यांनी तिन्ही पंप पुसले आणि म्हणाले, "झाला निर्णय. उद्या चहाच्या वेळी सांगतो."

सोमवारी माल उतरायचा होता म्हणून ते चहा न घेताच गेले. दुपारी कारखान्यातल्या माणसांनी त्यांचा देह घरी आणला.

समाचाराला येणाऱ्यांना पाटांना वळसा घालून आत यावे लागे. कोणीतरी पंप उचलायला गेले तेव्हा माई म्हणाल्या, "राहू देत. त्यांनी मांडलेत." त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी डोळे टिपी, मग पंपांकडे पाही, आणि मग विष्णुपंतांचा कौल कोणत्या पंपाला असेल यावर आपले मत देऊन जाई. शरदचंद्र रोज आले. पहिल्या दिवशी ते विलायती पंपाच्या बाजूचे होते. चौथ्या दिवसापर्यंत तिन्ही पंपांच्या बाजूने बोलून झाले होते.

विष्णुपंतांचे धाकटे भाऊ दिनानाथ कल्याणच्या कोर्टात कारकून होते. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "दादाचा जीव पंपात अडकलाय."

दहाव्याला देवळामागे नदीकाठी पिंड ठेवले. पद्मजाही घरून निघाली तेव्हा बायकांनी तिथे यायचे नसते, असे दिनानाथांनी सांगून पाहिले होते. माईंनी वर न बघता उत्तर दिले, "जाऊ दे तिला. सगळी खरेदी तिच्याबरोबर झालीय."

कावळे होते. समोरच्या उंबरावर चांगले फांदीभर होते. पण पिंडाला शिवायला कोणी खाली येईना. मनात काही राहिले असेल तर ते पुरे करू म्हणून बोलायचे असते, तसे दिनानाथ हात जोडून बोलू लागले.

"दादा, वहिनींची काळजी करू नकोस."

कावळे हलले नाहीत.

"पद्माचं लग्न करून देऊ."

एका कावळ्याने पाठ फिरवली. पद्मजेला तो त्यातल्या त्यात समजूतदार वाटला.

"गाडीला पंप बसवू, दादा."

तोच कावळा फांदीवरून उतरून दगडावर बसला. मंडळींत कुजबुज झाली. शरदचंद्र पुढे सरसावले. "कुठला ते सांगा ना. विष्णुपंत मोघम बोलणं ऐकून घेणारे नव्हेत."

दिनानाथांनी तयारी केली होती. गोणपाटातून तिन्ही पंप निघाले आणि पिंडाशेजारी ओळीने मांडले गेले. लोकूमलही डोक्याला रुमाल बांधून आला होता. "तिन्ही ठेवा, साईं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पैशाची बात नाही. असा गिऱ्हाइक कुठून आणू?"

"विलायती बसवू, दादा," दिनानाथ म्हणाले. काही नाही. "बरं, देशी बसवू." काही नाही. "अमेरिकन?" कावळा उडाला आणि थेट अमेरिकन पंपावर जाऊन बसला.

"मी म्हणत होतोच," शरदचंद्र म्हणाले.

"पंपाला शिवून चालत नाही," गुरुजी म्हणाले. "पिंडाला शिवायला हवा."

ऊन चढले. गुरुजींना बदलापूरला दुसरे काम होते. दिनानाथ पद्मजेकडे वळले. "तू बरोबर असायचीस. आणखी काही होतं का त्याच्या मनात?" तिला दाल-पकवान आठवले. पण ते सांगायचे नव्हते.

"दर्भाचा कावळा करू आणि शिववू," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

दिनानाथांनी मान डोलावली. गुरुजी दर्भाच्या काड्या जुळवू लागले. विष्णुपंतांनी उभ्या नोकरीत बदली माल कधी स्वीकारला नव्हता. त्यांची बोळवण काड्यांच्या कावळ्यावर व्हायची हे पद्मजेला बघवेना. ती पुढे होऊन पिंडासमोर उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "आपल्या गाडीला पंपच नाही."

शरदचंद्रांनी छत्री मिटली.

"पाणी काठोकाठ भरायचं, एवढंच. साहेबानं जाताना सांगितलं होतं. तुम्ही पाने मोजत होतात."

कावळा अमेरिकन पंपावरून उतरला, दोन उड्यांत पिंडापाशी आला आणि चोच मारून उडाला. "शिवला," गुरुजी म्हणाले आणि पोथी गुंडाळू लागले. दिनानाथांनी सुस्कारा सोडला. लोकूमल पंप गोणपाटात भरता भरता पुटपुटला की एकदा गाडी दाखवली असती तर बरे झाले असते.

"दाखवली असती तर काय केलं असतंत?" शरदचंद्रांनी विचारले.

"चौथा पंप काढला असता, साहेब."

माणसे वहाणा शोधत पांगली. कोणीतरी पद्मजेला हाक मारली. ती हलली नाही. तिचे बोलणे संपले नव्हते.

"मी तेव्हाच सांगितलं असतं तर गाडी पहिल्याच रविवारी नीट झाली असती, अण्णा," ती म्हणाली. "मग दुसऱ्या रविवारी तुम्ही मला कशाला बरोबर नेलं असतं? मला तुमच्याबरोबर यायला फार आवडायचं."