गळ्याएवढ्या पाण्यातले दात

"आपल्या सेनोतेत सुई पडू दे, दहा मिनिटांत वर आणून देतो!"

विल्बर्ट कानुलचं हे वाक्य गावातल्या पोपटांनाही पाठ झालं होतं. बढाई होती, पण पोकळ नव्हती. अकरा वर्षांत त्याने तळातून चौदा गॉगल, नऊ मोबाइल, तीन लग्नाच्या अंगठ्या (त्यातली एक मालकाला परत नको होती) आणि टोरांटोच्या एका बाईंचा केसांचा टोप वर आणला होता. टोपाशी मात्र तो आधी दोन मिनिटं झुंजला होता.

अडचण एकच होती. सेनोते म्हणजे चुनखडीचा खडक खचून झालेला गोड्या पाण्याचा डोह. हा लांबीला दोनशे पावलं, दोन्ही काठांना दाट खारफुटी, पाणी आरशासारखं, आणि खोली गळ्याएवढी. दोन-चार जागा सोडल्या तर गळ्याच्या वर पाणी नाहीच. अशा पाण्यात विल्बर्ट पाहुण्यांना स्कूबा शिकवायचा. अंगात रबरी पोशाख, कमरेला शिशाचा पट्टा, पाठीवर हवेची टाकी, पायांत हातभर लांबीचे रबरी पंख, असा सगळा जामानिमा करून तो गळ्याएवढ्या पाण्यात उतरायचा.

"न्हाणीघरात जाताना शिडी पण नेतोस का रे?" असं तात बासिलिओ त्याला रोज विचारायचे.

तात बासिलिओ हे सेनोतेचे राखणकर्ते आणि दुर्दैवाने लांदीचे वडील. लांदी फाटकाशी बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला अंगावरची मलमं धुतल्याशिवाय पाण्यात पाय घालू द्यायची नाही. विल्बर्ट तिथे दिवसातून तीनदा अंघोळ करायचा. ती मलमासाठी नव्हती हे सगळ्या गावाला माहीत होतं.

लग्न विल्बर्टशीच करायचं हे लांदीचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. पण आमच्याकडे मुलीचं ठरून भागत नाही. मुलाकडच्यांनी तीन वेळा मागणी घेऊन जायचं. बरोबर गोड पाव, चॉकलेट, रमची बाटली आणि सिगारेटी न्यायच्या. पहिल्या दोन भेटींत बापाने खायचं, प्यायचं, ओढायचं आणि लग्नाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तिसऱ्या भेटीत स्वतःच्या तोंडाने हो किंवा नाही म्हणायचं. दोन भेटींत विल्बर्टने दातांच्या कण्या केल्या. तातांनी पाव खाल्ला आणि मनुका कमी आहेत एवढंच सांगितलं.

तिसरी भेट शनिवारी संध्याकाळी होती. पुढच्या बुधवारी राखेचा बुधवार. तो लागला की ईस्टरपर्यंत लग्न नाही, मागणी नाही, काही नाही. म्हणजे जे काय ते शनिवारीच!

त्या शनिवारी सकाळी तात नेहमीप्रमाणे आलुशांना नैवेद्य घेऊन आले. आलुश म्हणजे या जागेचे राखणदार, उंचीने गुडघ्याएवढे आणि रागाने ताडाएवढे. डोहाच्या टोकाला त्यांचं दगडी घरकुल आहे. तात तिथल्या तुंब्याच्या वाटीत मक्याचं पांढरं पेय ओतायचे आणि तीनदा शीळ घालून राखणदारांना बोलवायचे. त्या वेळी तिकडे कोणी बघायचं नाही असा नेम होता.

"तूही परवानगी मागत जा," जाता जाता तात विल्बर्टला म्हणाले. "अकरा वर्षं न विचारता उतरतोयस."

"माझ्याकडे परवाना आहे, तात. शिक्क्याचा!"

"शिक्का बघून आलुश काय करणार? त्यांना वाचता येतं का?"

तात शीळ घालून परतले तेव्हा विल्बर्ट चार कॅनडावाल्यांना धडा देत होता. आवाज असा की कुणाच्या मयताला आलाय.

"पाणी कोणाचं सगं नसतं. तळाला पंख लावायचा नाही, गाळ उठेल. आणि हवा संपली, तर घाबरायचं नाही! गळ्यावरून आडवा हात फिरवायचा. मी येईन. माझ्यावर विश्वास ठेवा."

चौघांचे चेहरे पांढरे पडले. त्यातला एक साडेसहा फुटी गडी डोळे मिटून, छातीवर क्रूस काढून पाण्यात उतरला. आणि उभा राहिला. पाणी बरगड्यांपर्यंत! त्याने डोळे उघडले, खाली पाहिलं आणि अदबीने विचारलं, "खोल भाग नंतर आहे का?"

तात बासिलिओ हसले. आयुष्यात हसले नसतील इतके हसले. धक्क्यावर वाकून, गुडघ्यांवर थापा मारत, तोंड गुहेएवढं उघडून हसले. नेमकं त्याच क्षणी खारफुटीखाली डुबुक् असा आवाज झाला.

तातांचं हसू थांबलं. त्यांनी हात तोंडाशी नेला, आत बोट फिरवलं आणि तोंड गच्च मिटलं.

"अगं आई गं!" लांदी फाटकातून धावत आली. "पपांचे दात पडले पाण्यात!"

आता हे समजून घ्यायला हवं. तात बासिलिओ दातांशिवाय परक्यांसमोर तोंड उघडत नसत. एकदा दात दुरुस्तीला गेले तेव्हा नऊ दिवस त्यांनी बायकोशीसुद्धा मानेनेच संसार केला होता. दात नाहीत म्हणजे तोंड नाही, तोंड नाही म्हणजे उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणजे ईस्टर!

विल्बर्टने मास्क चढवला. "दहा मिनिटं," तो म्हणाला.

पहिल्या दहा मिनिटांत त्याने एक चमचा, एक सपात आणि दहावा मोबाइल वर आणला. तातांनी प्रत्येक वस्तू नीट न्याहाळली आणि मान हलवली.

"सपात कशाला दाखवतोस?" लांदी ओरडली. "पपा काय सपात चावतात?"

तातांनी डावीकडे बोट केलं. विल्बर्ट डावीकडे गेला. तिथे मुळांशी, पाण्यात, वकीलसाहेब पहुडले होते. वकीलसाहेब म्हणजे डोहातली सुसर. चार हात लांबीची, मासे सोडून कशात रस नसलेली, दिवसभर गप्प बसून फक्त खायला तोंड उघडणारी. विल्बर्ट उजवीकडे गेला.

"सुसरीने गिळले असतील," कॅनडावाल्यांपैकी एक म्हणाला.

"तिला काय करायचेत?" लांदी म्हणाली. "तिला स्वतःचे थोडे आहेत का?"

मग कॅनडावाले मदतीला सरसावले. भली माणसं! चौघांनी मिळून सोळा मिनिटांत तळ असा घुसळला की पाण्याचं घट्ट दही झालं. विल्बर्ट आतून ओरडत होता, पण नळी तोंडात असताना माणूस फक्त बुडबुडेच ओरडतो. गाळ बसायला तास लागला. तो बसला, तर घाईत विल्बर्टचाच पंख तळाला लागला आणि पुन्हा सगळं दही.

एव्हाना बातमी गावात पोचली होती. भरतकामाचे झगे गुडघ्यापर्यंत खोचून बायका काठच्या उथळ पाण्यात उतरल्या आणि पायाच्या बोटांनी तळ चाचपू लागल्या. विल्बर्टची आई एल्मी संध्याकाळच्या गोड पावाची टोपली घेऊनच आली होती.

"किती वेळ झाला?" तिने लांदीला विचारलं.

"दहा मिनिटं," लांदी म्हणाली. "सकाळपासून."

दुपारचे तीन वाजले. विल्बर्ट गढूळ पाण्यात पोटावर सरपटत होता. अंगातलं त्राण संपलं होतं, बोटं सुरकुतली होती, डोळ्यांपुढे लांदी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पाव भाजताना दिसत होती. आणि टाकीतली हवा संपली! तो भलता घाबरला. अकरा वर्षांचा धडा त्याला तोंडपाठ होता. त्याने पाण्याबाहेर एक हात काढला, हवेतच आडवा फिरवला, पुन्हा फिरवला, मग जिवाच्या आकांताने फिरवत राहिला. पायातला एक पंख निसटून वर आला.

सगळे बघत राहिले. कॅनडावाल्यांना खूण कळली, पण नियमाप्रमाणे मदतीला विल्बर्टनेच यायचं होतं.

"अरे, उभा राहा!" लांदी किंचाळली.

विल्बर्ट उभा राहिला. पाणी गळ्याला लागलं.

साडेसहा फुटी गड्याने माणुसकीने दुसरीकडे पाहिलं. विल्बर्टला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ती या जागी आधीच एकदा दुभंगलेली होती. तेवढ्यात तो ताडकन उडाला.

"चावलं! पायाला चावलं! वकीलसाहेब!"

वकीलसाहेब पन्नास पावलांवर झोपलेले होते. विल्बर्टने खाली हात घातला, आणि गाळाने माखलेली दातांची कवळी वर आली. असा जल्लोष झाला की काठावरचे बगळे उडाले! लांदीने कपड्यांसकट पाण्यात उडी मारली. अंगावरचं मलम न धुता. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

चुन्याच्या पाण्यात कवळी तीनदा उकळली. तातांनी पाठ फिरवून ती बसवली, जबडा डावीउजवीकडे हलवला, भुवया वर गेल्या. "चिखलाने दात सुधारले," ते म्हणाले. "पूर्वी टोचायचे."

संध्याकाळी दोन्ही घरं समोरासमोर बसली. पाव, चॉकलेट, रम, सिगारेटी. तातांनी पाव खाल्ला, घोट घेतला, सिगारेट विझवली.

"हो," तात म्हणाले. आणि पाठोपाठ जबड्यातून बारीक आवाज आला, टक्.

एकच गलका झाला. मिठ्या, रडणं, बाटली! विल्बर्टची आई तेवढी पुतळ्यासारखी बसून होती. तिने लेकाला कोपऱ्यात ओढलं.

"ते टक् ऐकलंस?"

"कुठलं टक्?"

"चौदा वर्षं रोज जेवताना ऐकलंय मी ते. ते दात तुझ्या बापाचे आहेत."

विल्बर्टला आठवलं. तो नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील, आता देवाघरी गेलेले नासारिओ, धक्क्यावर बसून शिंकले होते आणि घरी आल्यावर महिनाभर पेज प्यायले होते. त्याच्याही चौदा वर्षं आधी गावात एक फिरता दंतवैद्य पेटी घेऊन आला होता. त्याने गावातल्या सगळ्या पुरुषांना एकाच मापाने दात बसवले होते, म्हणूनच तातांना संशय आला नाही.

"आई," विल्बर्ट कुजबुजला, "लग्न लागेपर्यंत तुला काही ऐकू येत नाही."

"मला येत नाही रे. पण आलुशांना?"

रविवारी दुपारी दार वाजलं. दारात तात बासिलिओ, मागे लांदी. तातांच्या तोंडात दात होते. हातातल्या रुमालातही दात होते.

"सकाळी वाटी बदलायला गेलो," तात म्हणाले. "माझे दात घरकुलात, वाटीमागे, तसेच ठेवलेले."

"राखणदारांनी परत दिले?" एल्मीने छातीवर क्रूस काढला.

तात जरा अवघडले. "दात लावून शीळ वाजत नाही. काढून ठेवले होते. विसरलो."

"आणि ते डुबुक्?" विल्बर्टने विचारलं.

"वकीलसाहेब," लांदी म्हणाली. "रोज त्याच वेळी उतरतात."

तातांनी रुमाल अदबीने एल्मीच्या हातात दिला. "नासारिओचे असणार. त्या डोहात आणखी कोणी शिंकलं नव्हतं. बसतात मात्र झकास." मग ते विल्बर्टकडे वळले. "पोरा, मी शब्दाचा माणूस आहे. काल मागणी तुमच्या घराने घातली, आणि होकार दिला तो तुमच्याच घरच्या दातांनी. आमच्या घराने अजून तोंड उघडलेलं नाही."

"मग आता उघडा ना, तात! आता तुमचेच आहेत!"

"आज तुमची भेट आहे का? मी आलोय तुमच्याकडे. अशी उलटी रीत कुठे असते?" तातांनी टोपी घातली. "ईस्टर होऊ दे. मग पहिल्या भेटीपासून सुरू करू. मनुका जास्त घालायला सांग. आणि उतरण्याआधी विचारत जा."

लांदी मागे वळून हळूच म्हणाली, "पाव मीच भाजून पाठवीन. तू फक्त घेऊन ये." आणि बापामागून गेली.

विल्बर्ट पायरीवर मट्कन बसला. आत एल्मीने कवळी पेल्यात घालून नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवली. फोटोतले नासारिओ नेहमीसारखे हसत होते.

"निदान एका बापाचा तरी होकार मिळाला," विल्बर्ट म्हणाला.

"त्यात काय मोठंसं," एल्मी पेला पुसत म्हणाली. "त्या माणसाने जन्मात कुणाला नाही म्हटलं होतं?"