गवा राजाचं तळं

एका जंगलात, बाळांनो, राजाच नव्हता आणि तरी सगळ्यांचं बरं चाललं होतं. कोकणातल्या ज्यू लोकांच्या पोथीत इस्राएलाच्या राजांची गोष्ट आहे ना, तिच्या भावकीतलीच ही.

शेजारच्या जंगलात राजा आहे म्हणून यांनाही हवा झाला. म्हातारे कासवआबा म्हणाले, "राजा तुमची पोरं राबवील, तुमचं गवत खाईल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

"येऊ की," सगळे म्हणाले. "पण राजा पाहिजे."

मग राजे आले आणि गेले. प्रत्येकाची गोष्ट मागाहून आबाच सांगत. कासवाला मरायची घाई नसते.

आता गादीवर गवा होता. त्यानं लांडगे हाकलले, वाटा पाडल्या, आणि खुरांनी उकरून एवढं मोठं तळं केलं की भर उन्हाळ्यात हत्ती बुडावा. पण वय झालं तसा त्याला एकच घोर लागला. आपल्यामागं आपली गोष्ट कशी सांगतील?

तो आबांकडे गेला. "आबा, माझी गोष्ट म्हणून दाखवा."

आबांनी मान बाहेर काढली. "वडाखेरीज कुठं फूल वाहायचं नाही, हा आपला नेम. गवा राजा झाला. टेकड्यांवरचे शेंदूर फासलेले दगड तसेच ठेवले. वाईट राजा. मेला."

"आणि तळं?"

"ते दिसतंय की. सांगायचं कशाला?"

"त्या काळवीट राजानं दुसऱ्याची बायको पळवली. त्याची गोष्ट सकाळी सुरू होते ती दिवेलागणीला संपते. तो चांगला?"

"तो फार सुरेख रडला रे," आबा म्हणाले, आणि त्यांचेच डोळे भरून आले.

गव्यानं दिवसभर ढुशा मारमारून दगड खाली लोटले. ससे कुरकुरले, "महाराज, तो आमच्या आजीचा दगड."

"आजीला सांगा, राजाची अब्रू पणाला लागलीय."

धापा टाकत तो परत आला. "आता?"

"गवा राजा झाला. दगड काढले. चांगला राजा. मेला."

"एवढंच?"

"चांगल्या राजाचं सांगायला लागलं की पोरं झोपतात."

तळ्याशेजारी एका साळिंदरीचा काकडीचा वेल होता. दुसऱ्या दिवशी गव्यानं तो मुळासकट खाल्ला.

"महाराज, मागितला असता तर दिला असता," ती म्हणाली.

"मागून भागत नव्हतं, साळूबाई."

मग डोक्यात माती घालून तो असा रडला, की झाडावरची माकडं खाली पडली. आबा लगबगीनं निघाले आणि तिसऱ्या प्रहरी पोचले.

"आता कसं," ते म्हणाले. "आता गोष्ट झाली."

ती गोष्ट अजून तळ्याकाठी सांगतात. वेलावर बराच वेळ, रडण्यावर त्याहून जास्त. साळूबाईचं नाव आबा विसरले. ऐकता ऐकता घसा सुकला की पोरं वाकून पोटभर पाणी पितात आणि विचारतात, "मग पुढं?" तळं मात्र गोष्टीत नाही.

तात्पर्य : तळं जरूर खोदावं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. शेजारणीचा वेलही खाऊन ठेवावा. आणि रडायचं ते गोष्ट सांगणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या जवळ.