भिंतीपर्यंतचा कठडा

योहानकाकांनी पाण्याने भरलेली बादली चर्चच्या दारात मधोमध ठेवली होती, आणि आत येणारा प्रत्येक जण तिला अडखळत होता. पाळकांची विजार भिजली. खजिनदारांची चप्पल भिजली. काका मात्र शेवटच्या बाकावर खुशीत बसले होते.

"लागली ना? म्हंजे जागा बराबर हाये."

बाप्तिस्म्याचं कुंड तिथेच हवं, असं त्यांचं म्हणणं. गावाबाहेरचं हे जुनं लूथरन चर्च आतून नव्याने करायचं ठरलं होतं. आराखडा माझ्याकडे आला, कारण गावात आर्किटेक्ट मी एकटीच, आणि काका आमचे शेजारी. मी त्या मंडळीतली नाही. म्हणून काका मला शिकवत. उभा जन्म त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली, त्यामुळे त्यांचं धर्मशास्त्रही एसटीचंच.

"पाणी दारात काऊन, काका?"

"चढतानीच तिकीट भेटते ना वं! हे तिकीट येशूनं काढून ठेवलं. आपुन फक्त चढाचं."

व्यासपीठाबद्दल ते पाळकांच्या देखतच सांगत, "डायवर दिसला पाह्यजे, आयकू आला पाह्यजे. पण गाडी त्याच्या बापाची नोहे." पाळक हसत. त्यांना सवय होती.

माझ्या नकाशावर प्रभुभोजनाच्या मेजाला दिलेलं इंग्रजी नाव त्यांनी खोडून 'वेदी' लिहायला लावलं. मग मला एकेका बाकावर बसवलं.

"वेदी दिसते?"

"खांब आड येतो."

"मंग बाक सरकव. तिथं देव आपल्याले जेऊ घालते. ताटच दिसलं नाई त भूक कशी लागन?"

अंधार पडेपर्यंत हे चाले. घरी लवकर परतायचं त्यांना काही कारण नव्हतं. मलाही नसे.

खरं भांडण वेदीपुढच्या भिंतीला भिडलेल्या अर्धगोल लाकडी कठड्यावरून होतं. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला लोक त्याच्याभोवती गुडघे टेकतात. मंडळीतल्या तरुणांना तो काढून तिथे स्टेज हवं होतं, गिटार आणि ड्रमसाठी.

"गाणारे मागं बसवा!" काका ओरडले. "पॅसेंजरनं खिडकीभाईर पाहाचं का तुमचं थोबाड पाहाचं?"

बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "बाकी सारं जाऊ दे, बेटा. कठडा तेवढा वाचव."

मी मधला मार्ग काढला. कठडा ठेवला, पण त्याची दोन्ही टोकं भिंतीपासून सोडवली. गाणाऱ्यांना मागे ये-जा करायला वाट झाली. स्टेज छोटं होऊन कोपऱ्यात बसलं. सगळे खूश होतील, असं मला वाटलं.

काकांनी नकाशा पाहिला. या वेळी त्यांच्या तोंडून एसटी निघाली नाही.

"ही फट काऊन?"

"जायला-यायला."

"कठडा अर्धाच गोल काऊन असते, मालूम हाये तुले?"

"जागा कमी म्हणून?"

"नाई वं. हा अर्धा आपला. उरलेला अर्धा भिंतीपल्याड, गेलेल्या लोकायचा. पंगत एकच."

भिंतीपल्याड मंडळीची दफनभूमी आहे. काकू कोरोनात गेल्या, एवढं मला माहीत होतं.

"मले जवळ जाऊ देल्लं नाई," काका म्हणाले. "रस्त्यावरून पाह्यलं. तवापासून मी टोकाले बसतो, भिंतीले खांदा लावून. पल्याडची पह्यली जागा तिची." त्यांनी नकाशावरच्या फटीवर बोट ठेवलं. "आता मधात रस्ता येऊन राह्यला."

मी नकाशा गुंडाळून घरी नेला.

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. नवा नकाशा हातोहात फिरला.

"मॅडम, वाट कुठं गेली?" एका तरुणाने विचारलं.

त्या बैठकांमध्ये मी मापांपलीकडे कधी बोलले नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते, काका सोडून.

"पंगतीतून वाट काढत नाहीत," मी म्हणाले.

पाळक बराच वेळ नकाशा पाहत राहिले. त्यांचे वडीलही त्या भिंतीमागेच आहेत, हे मला नंतर कळलं. मग ते म्हणाले, "गाणारे बाकांच्या मागंच बसतील."

खुर्च्या सरकल्या, चहा आला. काका चहाला थांबले नाहीत. ते कठड्याच्या टोकाशी गेले, भिंतीला खांदा लावून त्यांनी गुडघे टेकले.

त्या दिवशी प्रभुभोजन नव्हतं.