बुधवारचे एकोणीस

दौलतराव कंपाउंडरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो हातोडी घेऊन. भांडायला नव्हे. त्यांना आमच्या शेजारच्या खोलीत येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मधली भिंत अर्ध्या विटेची. त्या बुधवारी संध्याकाळी पलीकडून सारखं टक्, टक् ऐकू येत होतं. मी बायकोला म्हटलं, "एकटा माणूस हाय बिचारा. देवाचा फोटू लावून राह्यला असंन, खिळा काही बसून नाही राह्यला त्याचा." आणि आमची हातोडी व मूठभर खिळे घेऊन शेजारधर्म पाळायला निघालो.

दार उघडंच होतं. दौलतराव भिंतीला पाठ टेकून बसले होते. मांडीवर लांबडं रजिस्टर, हातात पेन्सिल. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "बसा. एकोणीस झाले."

"काय एकोणीस?"

"तुमचे."

मला काही समजेना. घसा खवखवला म्हणून मी जरासा खोकलो. त्यांनी पेन्सिलीचं बूड भिंतीवर टेकवलं. टक्. "वीस."

हातोडी मी पाठीमागे लपवली. ती कशी परत न्यावी हेच मला सुचेना, म्हणून त्यांच्याकडेच ठेवून आलो आणि "लागली तर असू द्या" म्हणालो. पुढे चार वर्षं तिनं त्यांची कागदपत्रं दाबून धरली.

तो टक् म्हणजे गोळ्या मोजायची सवय. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोजताना ते दर गोळीला टेबलावर बोटानं ठोका देत. ठोका दिल्याशिवाय आकडा डोक्यात बसत नाही म्हणत. माझे खोकलेही त्यांनी त्याच हिशेबात घेतले होते. बरं, मोजायचे कशाला? तर त्यांना एक प्रश्न पडला होता. दौलतरावांना एकदा प्रश्न पडला की तो उठतच नसे.

चारचौघं भेटल्यावर विचारतात, "बरं हाय ना?" दौलतराव विचारत, "काम काय करता? अन् कुठं बसून?" माणूस दवाखान्याच्या खिडकीत पोट धरून उभा असला तरी आधी हे. एकदा आमच्या नात्यातल्या मुलीच्या साखरपुड्याला त्यांना नेलं. सगळे मुलाची शेती विचारत होते, जोड्या किती, विहिरीला पाणी किती. दौलतराव मुलाच्या बापाला कोपऱ्यात घेऊन विचारत होते, "पोरगं मिरचीच्या गिरणीवर बसते काय? सकाळून शिंकते का दुपारून?" बाप असा घाबरला, की मुलगा निर्व्यसनी आहे हे तो जेवणं होईपर्यंत सांगत राहिला. लग्न झालं. नवरदेव अक्षता पडेपर्यंत शिंकत होता. दौलतराव पहिल्या रांगेत बसून समाधानानं बोटांवर मोजत होते.

हिवतापवाले घरोघर पांढरी फवारणी करत फिरायचे. त्यातल्या एकाला त्यांनी दर शनिवारी खिडकीत बोलावून जीभ दाखवायला लावलं. तो बिचारा जीभ दाखवायचा आणि विचारायचा, "दवा?" दौलतराव म्हणायचे, "दवा नाही. पण तू ध्यानात हायेस." त्यालाही त्याचं काहीतरी बरं वाटत असावं. तो नेमानं यायचा.

त्यांचा खरा वैरी म्हणजे एक रकाना. आमचा जिल्हा नुकताच जुन्या राज्यातून काढून मुंबईच्या राज्याला जोडला होता. दवाखान्यातले हिंदी तक्ते गेले आणि मुंबईचे आले. त्यात देवी, पटकी, हिवताप असे रकाने, आणि शेवटी 'इतर'. छाती दाटली, इतर. चुन्यानं हात फाटले, इतर. दौलतराव तक्ता माझ्यापुढे धरून म्हणायचे, "पाहा बाबूजी. अख्खा गाव 'इतर'मधी खोकलून राह्यला, अन् मुंबईले वाटते आपल्याकडं सारं बरं हाय."

'बाबूजी' म्हणजे मी. गावातल्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी हजेरी कारकून. हंगामात दीडशे बाया-माणसं सरकी काढायच्या कोणत्या चरख्यावर, कोण निघालेली रुई उचलायला, कोण अंगणात कापूस निवडायला, हे माझ्या पटावर ठरायचं. पहिल्या दिवशी दौलतरावांनी विचारलं, तेव्हा मी ताठ मानेनं सांगितलं होतं, "आमचं खुर्चीवरचं काम." खुर्ची चरख्यांच्या दालनाच्या खिडकीत होती, हे सांगितलं नव्हतं. घरी जाईपर्यंत माझ्या मिशा पांढऱ्या झालेल्या असायच्या, पण ते वयानं, असं मी समजत होतो.

आमच्याकडे बाजार मंगळवारी, म्हणून जिनाची सुट्टी मंगळवारी. बुधवारी जिन सुरू झालं की संध्याकाळपर्यंत निम्म्या लोकांची छाती आवळायची, खोकला लागायचा. गुरुवारी कमी, शुक्रवारी आणखी कमी. याला गावात नावच पडलं होतं, 'बाजारखोकला'. कारण उघड होतं. मंगळवारी लोक बाजारात मिरचीची भजी खातात, काही जण मोहाची घेतात, ती बुधवारी बाधते. दवाखान्यातले डॉक्टरसाहेबही हेच म्हणायचे, आणि ते शिकलेले. त्यांच्या शब्दाखातर माझ्या बायकोनं तीन वर्षं मला बाजारात भज्यांच्या कढईच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नव्हतं. मी भजी सोडली. खोकला सुटला नाही. बायकोचा निष्कर्ष असा, की मी चोरून खातो.

दौलतरावांना हे पटेना. "भजे सारा गाव खाते. मंग बुधवारी शिंपी काहून खोकलत नाही? मास्तर काहून खोकलत नाही?"

मी म्हणायचो, "मास्तर भजे खात नाही, उधारी बंद हाय त्याची."

त्यावर ते हसत, आणि मास्तरला जाऊन विचारून येत.

रजिस्टरमध्ये एक रकाना होता, 'उन्हाळ्यात'. हंगाम संपला, जिन बंद पडलं, की दौलतराव रविवारी सायकल घेऊन तांड्यावर जात. आमच्या चरख्यांवरच्या बऱ्याच बाया तिथल्या. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो, तो केवळ परत येताना आंबे मिळतील या आशेनं. धुरपताबाई घराच्या सावलीत बसली होती. ती आमच्या सगळ्यात आतल्या चरख्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात कापूस घालायची, जिथं वाराच नाही. दौलतराव सायकल टेकवून, तांड्यावर आईला हाक मारतात तसं म्हणाले, "काय याडी, कसं हाय?"

"याडी म्हणतो अन् खोकले मोजतो," ती म्हणाली. "मले सांग, तू दरखेपी पोथी घेऊन येतो, दवा कव्हा आणशीन?" एवढं बोलेपर्यंत ती तीनदा खोकली. ठोकायला भिंत हाताशी नव्हती, तर दौलतरावांनी स्वतःच्या गुडघ्यावर तीन ठोके दिले.

परतीच्या वाटेवर ते सायकल हातानं ढकलत चालले. मग म्हणाले, "उन्हाळ्यात थांबला तर तो खोकला जिनाचा, बाबूजी. नाही थांबला, तर मंग तो तिचाच झाला. तिचा आता होऊन राह्यला. यंदाच्या हंगामात तिले त्या कोपऱ्यातून काढलं पाह्यजे."

"मंग सांगा न डॉक्टरसाहेबाले."

"सांगतलं. ते म्हणतात, बाजार बंद करा तिचा."

आंबे मिळाले नाहीत.

पुढच्या संक्रांतीनंतर आमच्या जिनाचं इंजिन मोडलं. मोडलं ते बुधवारी रात्रपाळी सुटताना. सामान नागपुराहून येणार, ते आलं शनिवारी. रविवारी सकाळी भोंगा झाला आणि जिन सुरू. म्हणजे गुरुवार ते शनिवार सुट्टी, आणि मध्ये बाजार नाहीच. संध्याकाळी मी घरी येऊन पाय धुतले आणि खोकल्याची उबळ आली. एक, दोन, पाच, दहा. पलीकडून टक् टक् टक् टक्, आणि मग एकदम काहीच नाही. दुसऱ्या क्षणी दौलतराव आमच्या दारात, एका पायात चप्पल.

"बाबूजी! भजे खाल्ले का?"

मला बोलता येत नव्हतं. मान हलवली, नाही.

"वहिनी, खरं सांगा. काल परवा भजे झाले का घरात?"

बायको म्हणाली, "भाऊजी, चार दिवस झाले, घरात बेसनच नाही."

तो माणूस अक्षरशः नाचला. "आज रविवार! बाजार नाही, भजे नाही, अन् चोवीस! अवो, सुट्टीनंतरचा पहिला दिवस हाय हा! रुईच्या भुकटीचा हाय!" मी पाटावर वाकून कळवळतोय आणि हा आनंदानं खिडकीचा गज पकडून हसतोय. मग त्याच्या ध्यानात आलं. तो ओशाळला, माझ्याजवळ बसला आणि पाठीवरून हात फिरवू लागला. ठोके न देता. उबळ थांबेपर्यंत उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सांगितलं. एवढ्यानं भागणार नव्हतं. इंजिन कोणत्या दिवशी बंद होतं आणि कोण कोण रविवारी कामावर आलं, याची हजेरीपटावरून नक्कल हवी होती. माझ्या सहीची. तरच डॉक्टरसाहेब या खोकल्याचा कागद वर सरकारकडे पाठवणार होते.

आता माझी खरी योग्यता सांगतो. मी पंधरा दिवस नक्कल दिली नाही. मॅनेजरसाहेब काय म्हणतील, या एका विचारानं. आज शाई संपली, उद्या पट कपाटात आहे, परवा कपाटाची किल्ली हरवली. दौलतराव एकदाही म्हणाले नाहीत, "द्या." फक्त भिंतीवरचा टक् बंद झाला. मी एका बुधवारी मुद्दाम जोरानं खोकून पाहिलं. शांत. दुसऱ्या दिवशी वाटेत म्हणाले, "तुमाले न विचारता मोजत होतो. ते चुकलंच माह्यं."

त्याच आठवड्यात धुरपताबाई चरख्यापासून उठताना भिंत धरून खाली बसली. मी खिडकीतून पाहिलं. खुर्चीवरून सगळं दिसायचं. ती वर पाहून म्हणाली, "लिवा बाबूजी, हजर हाय मी. बसली हाय, मेली नाही."

त्या संध्याकाळी मी नक्कल केली. सही करताना एक डोळा दारावर होता, त्यामुळे सही माझी वाटत नव्हती. दौलतरावांनी ती उजेडात धरून पाहिली आणि कागदावर हातोडी ठेवली.

कागद वर गेला. दीड महिन्यानं उत्तर आलं. मजकूर दोन ओळींचा: असे रुग्ण तक्त्यातील 'इतर' या रकान्यात दाखवावेत. दौलतरावांनी ते तीनदा वाचलं. मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. ते म्हणाले, "म्हणजे वाचलं त्यायनं." आणि उत्तराच्या पाठीमागे तारीख घातली.

मी मात्र एक गोष्ट केली, जी मला पहिल्या दिवसापासून करता आली असती. हजेरीपटावर धुरपताबाईचं नाव कोपऱ्यातल्या चरख्यावरून खोडलं आणि अंगणात कापूस निवडणाऱ्यांत लिहिलं. कोणीही विचारलं नाही. मॅनेजरसाहेबांना कळलंसुद्धा नाही. ज्या साहेबाच्या भीतीनं मी पंधरा दिवस शाई संपवत होतो, त्यानं तो पट कधी उघडलाच नव्हता. त्या उन्हाळ्यात दौलतराव तांड्यावरून आले ते घंटी वाजवत. "कमी हाय! गेला नाही, पण कमी हाय! तिनं मले हाकलून देलं, म्हणे रोज काय येतो!"

मग त्यांची बदली मुकुटबनला झाली. कोणी म्हणे त्या कागदामुळे, कोणी म्हणे पाळीच होती. सामान काय, एक वळकटी, एक स्टोव्ह आणि चार रजिस्टरं. एसटीची वेळ व्हायची होती. मी सहज पहिलं रजिस्टर उघडलं. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत माझं नाव होतं. धुरपताबाई तिसऱ्या पानावर. मी म्हटलं, "माह्या नावापासून काहून सुरुवात केली? माह्याहून आजारी लोक होते की."

दौलतराव वळकटीची दोरी आवळत होते. ती आवळून झाली तरी आवळत राहिले.

"इथं आलो तवा कोणाले ओळखत नव्हतो," ते म्हणाले. "पहिल्या सांजेले खोलीत दिवा लावून बसलो, तं भिंतीपल्याडून तुमी खोकलले. वाटलं, हाय कोणीतरी." मग घाईनं म्हणाले, "अन् मोजाले काही तं पाह्यजे होतं." हातोडी त्यांनी मला परत दिली.

त्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी मी घरी आलो, पाय धुतले आणि उबळ आली. खोकताना माझा कान भिंतीकडे होता. पलीकडे काही नाही. उबळ संपली तरी मी तसाच ऐकत उभा राहिलो.

बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"सतरा," ती म्हणाली. "फडताळात पोस्टाचं कार्ड आणून ठेवलं हाय. लिहून टाका, भाऊजी वाट पाहून राह्यले असतीन. अन् हेही लिहा: धुरपताबाईची जागा बदलली, पण तुमची खुर्ची अजून त्याच खिडकीत हाय."