काशीत सोडलेलं सुरण

नीलकंठरावांचा बेत पक्का होता. काशीला जायचं, पुण्य मिळवायचं आणि त्याची किंमत मात्र द्यायची नाही. ते नाशिकला बँकेत होते, आणि असा व्यवहार आपल्याशिवाय कोणाला जमणार नाही असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं.

किंमत म्हणजे काय, ते सांगायला हवं. काशीयात्रा केली की गंगेच्या काठी आपल्या आवडीची एक वस्तू कायमची सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कोणी फळ सोडतं, कोणी भाजी. एकदा सोडलं की जन्मभर तोंडात घालायचं नाही. आवडीचं सोडायचं, असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात निम्मी माणसं कारलं सोडून घरी येतात.

नीलकंठरावांनी सुरण सोडायचं ठरवलं होतं. सुरणाचा त्यांना लहानपणापासून तिटकारा. घशाला खाज, जिभेला चरचर. लग्न झाल्यापासून त्यांनी ते घरात येऊच दिलं नव्हतं.

"अहो, आवडीचं सोडायचं असतं," त्यांच्या पत्नी सुमेधावहिनी गाडीत म्हणाल्या.

"सुरण आवडतं मला. तुला माहीत नाही."

मागच्या सीटवर मोहन आणि गीता ही त्यांची मुलं फिसकन हसली. त्यांनाही ही युक्ती फार पसंत पडली होती. कॉलेजात जाणाऱ्या मोहननं मुळा सोडायचं जाहीर केलं. गीता त्याहून हुशार. आई रोज रात्री पेला घेऊन मागे लागते, तेव्हा आपण दूधच सोडावं, असा तिनं विचार केला. सुमेधावहिनी एकट्या सरळ. त्यांना पेरू फार आवडतो, म्हणून त्या पेरू सोडणार होत्या.

जुनी अँबॅसिडर नाशिकहून निघाली होती ती रमतगमत. अमरावतीला वहिनींची बहीण वीणा, जबलपूरला नीलकंठरावांचा मावसभाऊ प्रल्हाद. वर्षानुवर्षं लग्नपत्रिकेपुरती उरलेली माणसं. प्रत्येक घरी तेच झालं. आधी "किती वर्षांनी" असं म्हणून सगळ्यांनी रडायचं, मग जेवायचं, मग निघताना गाडीत लाडवांचा डबा ठेवायचा. पण नीलकंठरावांचं मन यातल्या कुठल्याच घरी रमलं नाही. त्यांना ब्रह्मा घाटावर पोचायचं होतं, अक्काकडे.

अन्नपूर्णाअक्का ही त्यांची सख्खी बहीण नव्हे. नीलकंठराव काशीतच वाढले. वडील रेल्वेत होते, सदा फिरतीवर. आई लवकर गेली. तेव्हा शेजारच्या वेणीमाधवच्या घरी या पोराचं, निलूचं, पान मांडलं जाऊ लागलं. वेणीमाधव त्याच्या वर्गात होता. अक्का ही वेणीमाधवची मोठी बहीण, ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली. तिनं निलूला कधी परका म्हटलं नाही. पुढे निलूला नाशिकला नोकरी लागली. निघताना तो म्हणाला, "अक्का, दिवाळीला येतो." मग बदल्या झाल्या, संसार झाला, घर बांधणं झालं. दर वर्षी पत्रात एकच ओळ जायची, "पुढच्या दिवाळीला नक्की येतो." पंचवीस-सव्वीस वर्षं गेली. आता केस पांढरे झाल्यावर एकाएकी त्यांना वाटू लागलं होतं, की अक्काच्या हातचं जेवून आलो नाही तर आपण जेवलोच नाही.

बनारसला पोचल्यावर गाडी गोदौलियाजवळ लावून सगळे अहिल्याबाई घाटावर उतरले. आधी गंगा, मग घर, हा वहिनींचा हट्ट. डिसेंबरची थंडी. आंघोळ करताना मोहनच्या दातांचा आवाज पलीकडच्या तीरावर गेला असेल. ओळखीच्या नरहर गुरुजींनी प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी दिलं आणि विचारलं, "काय सोडता?"

"सुरण," नीलकंठराव खणखणीत आवाजात म्हणाले. चेहरा असा केला, जणू काळजाचा तुकडाच देताहेत.

"मुळा." "दूध." "पेरू."

नावेतून ब्रह्मा घाटाकडे जाताना नीलकंठराव फार खुशीत होते. मग घाटाच्या पायऱ्या दिसल्या आणि त्यांचं बोलणं थांबलं. सगळ्यात वरच्या पायरीवर एक वाळलेली म्हातारी शाल गुंडाळून बसली होती. बाजूला टक्कल पडलेला एक गृहस्थ. वेणीमाधव. आता वेदपाठशाळेत शिकवत होता.

नीलकंठराव पायऱ्या चढले. नमस्काराला वाकले ते त्यांना उठवेना.

"ऊठ रे निलू," अक्का म्हणाली. "किती दुबळा झालास. नाशिकला लोक जेवत नाहीत का?" नीलकंठरावांचं पोट तेव्हा त्यांच्या आधी पायरीवर पोचलं होतं, पण अक्काला ते दिसलं नाही.

पानं वाढलेलीच होती. अक्का पहाटेपासून चुलीपाशी होती, आणि जमेल तेवढी बनारसची थंडी तिनं पानात उतरवली होती. मुळ्याची कोशिंबीर, मुळ्याचे पराठे. वाटीत दाट खीर, शेजारी मातीच्या कुल्हडात मलइयो, म्हणजे दुधाचा केशरी फेस, जो फक्त थंडीतच मिळतो. कोपऱ्यात टोपलीभर पेरू.

"अलाहाबादचे आहेत, आतून लाल," वेणीमाधव म्हणाला. "वहिनी, पहिले हेच घ्या."

सुमेधावहिनींनी पेरूकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"मी नाही खात, आत्या," मोहन मुळ्याकडे बघत म्हणाला. "सोडलाय."

"अरे, मग मलइयो घे. बेटी, तू घे. सुबह सुबह वेणी लाइनीत उभा राहिला होता," अक्का म्हणाली.

गीतानं कुल्हडाकडे अशी नजर टाकली की वेणीमाधवला वाटलं पोरीला ताप आहे. "मी दूध सोडलंय," ती कशीबशी म्हणाली. ज्या गावात सकाळ दुधानं सुरू होते आणि रात्र रबडीनं संपते, त्या गावात आपण काय करून बसलो हे तिला आता कळत होतं.

अक्काचा चेहरा उतरू लागला. "काही हरकत नाही," ती म्हणाली. "पोरं आहेत. निलूसाठी खास केलंय ते तर निलू खाईल." आणि तिनं स्वतःच्या हातानं पितळी पातेल्यावरचं झाकण काढलं.

आत चिंच घालून परतलेलं सुरण होतं.

सुमेधावहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. तेवढी दया त्यांनी दाखवली.

"तुझं आवडतं," अक्का म्हणाली. "लहानपणी मागून मागून खायचास."

"अक्का," नीलकंठराव म्हणाले, "मी... सुरण सोडून आलो. आत्ताच. अहिल्याबाई घाटावर."

अक्कानं झाकण खाली ठेवलं. मग अक्काचे डोळे भरले. "वेणी, बघ. एवढी आवडती चीज सोडली माझ्या निलूनं."

इथंच हे थांबलं असतं तर नीलकंठराव पुण्यवान म्हणून घरी गेले असते. पण वेणीमाधव अगदी गंभीर झाला. "अक्का, मग तुझं काय?"

"माझं राहू दे."

"राहू दे कसं? निलू, तू गेलास त्या साली हिनं गंगेत उभं राहून सुरण सोडलं. निलू येऊन माझ्या समोर बसून खाईल, तेव्हाच मी खाईन, म्हणाली. इकडे दिवाळीला सुरण खाल्ल्याशिवाय चालत नाही, सारा मोहल्ला खातो. ही दर दिवाळीला रांधते, मला वाढते आणि स्वतः हात लावत नाही. लोक विचारून परेशान झाले."

नीलकंठरावांनी पातेल्याकडे पाहिलं. त्यांनी खाल्ल्याशिवाय अक्काचा नेम सुटणार नव्हता, आणि त्यांनी तर जन्माचं सोडलं होतं. ओंजळीतलं पाणी अजून पुरतं वाळलंही नव्हतं. म्हातारीनं पंचवीस वर्षं वाट पाहिली, आणि आपण दारात येण्याआधी तासभर घाटावर थांबून ती वाट बंद करून आलो. तेही चलाखी म्हणून.

"नरहर गुरुजींना विचारू," मोहन म्हणाला.

"काय विचारणार?" नीलकंठराव म्हणाले. त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं झालं. "अक्का, मला सुरण आवडत नाही. कधीच आवडलं नाही. म्हणूनच सोडलं."

अक्का बघत राहिली. "मग मागून मागून का खायचास?"

"तू वाढायचीस म्हणून. नको म्हटलं आणि उद्या तू बोलावलं नाहीस तर, अशी भीती वाटायची. मला जायला दुसरं घर नव्हतं."

हे बोलताना पन्नाशीतल्या त्या माणसाचा आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा झाला. गीतानं मान खाली घातली. आपल्या वडिलांना कधी भीती वाटली असेल हे तिला ठाऊकच नव्हतं.

अक्कानं पदर तोंडाला लावला. मग तिचे खांदे हलू लागले. सगळ्यांना वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"निलू रे," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मला पण नाही आवडत. बिल्कुल नाही. गळा खाजतो. तू एवढा खायचास म्हणून मी करायची, आणि तुला साथ म्हणून खायची. तू गेलास तेव्हा म्हटलं, चला, निलूच्या नावानं हेच सोडू. सुटका तरी होईल."

"आणि मी?" वेणीमाधव म्हणाला. "इतक्या दिवाळ्या मी एकटा खातोय. मला कोणी विचारलं का?"

"तुला पण नाही आवडत?"

"चुना खाल्ल्यासारखं लागतं. पण तू निलूच्या नावानं रांधायचीस. टाकणार कसं?"

मग वेणीमाधवनं पाठशाळेतल्या आवाजात निर्णय दिला. नावडतं सोडणं म्हणजे सोडणंच नव्हे. निलूचा नेम बाद, अक्काचाही बाद. गीतानं ताबडतोब विचारलं, "काका, माझं दूधसुद्धा?" बाद. मोहनचा मुळा बाद. गीताचा हात बोलणं संपायच्या आत कुल्हडावर गेला. सुमेधावहिनींनी आशेनं वर पाहिलं.

"तुम्हाला पेरू आवडतो ना, वहिनी?"

"फार," त्या म्हणाल्या.

"मग तुमचा पक्का."

खोटं वागलेले सगळे सुटले आणि खरं वागलेली बाई टोपलीसमोर अडकली. नाशिकपर्यंतच्या परतीच्या रस्त्यात नीलकंठरावांना यावर बरंच ऐकावं लागणार होतं.

सुरण मात्र पातेल्यात होतंच. अक्कानं एक फोड निलूला वाढली, एक स्वतःच्या पानात घेतली. दोघांनी एकदमच तोंडात घातली. दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सुरण फार खाजरं निघालं, असं दोघांनीही सांगितलं. नीलकंठरावांनी आणखी एक फोड मागून घेतली.

ते चार दिवस राहिले. जुन्या गल्ल्या हिंडले, रामघाटावर जाऊन बसले, वेणीमाधवशी शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या. निघायच्या सकाळी अक्का त्यांना घाटावर घेऊन गेली.

"गंगेवरून असंच कसं जाशील? खरोखर आवडीचं असं काहीतरी सोड."

"काय सोडू? तूच सांग."

"'पुढच्या दिवाळीला नक्की येतो,' हे सोड. फार आवडतं तुला ते. दर साली वाचलंय मी."

नीलकंठरावांनी ओंजळीत पाणी घेतलं. या वेळी आवाज खणखणीत निघाला नाही. पाणी सोडलं आणि ते नुसतेच उभे राहिले.

गाडीपर्यंत अक्का गल्ल्यांतून हळूहळू चालत आली. लाडवांच्या डब्यांत तिचाही एक डबा ठेवला गेला. इंजिन सुरू झालं. तिनं काचेतून हात घालून त्यांच्या पांढऱ्या केसांवरून फिरवला, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं नीलकंठरावांचं तोंड उघडलं.

"अक्का, पुढच्या..."

अक्का नुसती पाहत राहिली. मागून एका रिक्षावाल्यानं घंटी वाजवली. ते ओशाळले. जीभ चावून त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं, पण त्यांच्याजवळ तिला द्यायला तेवढं एकच वाक्य होतं.

"होळीला येतो," ते शेवटी म्हणाले.

अक्कानं हात काढून घेतला आणि शाल सारखी केली.

"ये," ती म्हणाली. "सुरण करून ठेवते."